दसरा, सदरा आणि नानांचे आक्षेप: मराठी क्रिप्टिक कोडं रचतानाच्या नोंदी

१४ सप्टेंबर २०२५, रविवार

काम ठरलं. सोसायटीच्या दिवाळी अंकात एक पान, त्यावर ९ बाय ९ चं मराठी क्रिप्टिक शब्दकोडं. 'एक फळ, दोन अक्षरी' या जातीचं नाही. क्लूच्या एका टोकाला सरळ अर्थ, उरलेल्या ओळीत अक्षरांचा खेळ, आणि दोन्ही वाटांनी पोचायचं एकाच उत्तराला. इंग्रजीत हे आमच्या कोथरूडच्या कट्ट्यावर रोज चालतं. मराठीत कुणी करायला घेतलं तर नेमकं कुठे अडतं, ते लिहून ठेवतेय. पुढे कुणाला उपयोग झाला तर बरं.

नमुन्याचा क्लू मी तिथेच दिला: 'पाण्यापाठोपाठ पहिला सूर, मैफल (३)'. कंसातला आकडा उत्तरातल्या अक्षरांचा. पाणी म्हणजे जल, पहिला सूर सा, जलसा. वहिनींनी लगेच सांगितलं. नानांनाही आलं असणार, पण ते म्हणाले, "आधी नियम लिहून काढ, मग कौतुक करू." नाना म्हणजे 'द हिंदू'च्या क्रिप्टिकचं प्रिंट काढून थेट बॉलपेनने भरणारे गृहस्थ. त्यांच्याशी वाद घालायचा तर कागद लागतो.

मग नियम लिहिले. एका घरात एक अक्षर, काना-मात्रा-वेलांटीसकट. जोडाक्षराला एकच घर. आडवा आणि उभा शब्द जिथे छेदतात तिथे अक्षर मात्रेसकट तेच हवं, 'ग' च्या जागी 'गा' चालणार नाही. शुद्धलेखन साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी. आणि क्लूत तीनच गोष्टी: नेमका अर्थ, प्रामाणिक खेळ, बाकी काही नाही.

हा शेवटचा नियम आमचा नाही. ब्रिटनच्या 'ऑब्झर्व्हर' या वृत्तपत्रात १९७२ पासून ॲझेड या नावाने कोडी रचू लागलेल्या जोनाथन क्राउदरचा आहे. त्याच्या आधी त्या जागेवर झिमेनीझ होता आणि त्याच्या आधी, १९२६ पासून, टॉर्कमाडा. तिघांनी नावं उचलली ती स्पेनमधल्या, छळासाठी कुख्यात अशा धर्मन्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांची. ॲझेड म्हणजे 'डेझा' उलटा. सोडवणाऱ्याचा छळ करायचाय हे नावातच कबूल करून टाकलंय, पण छळाला कायदा असावा हा आग्रहही याच परंपरेतला.

१६ सप्टेंबर, मंगळवार

चौकट आखायला इंग्रजीसाठी बनवलेलं एक मोफत सॉफ्टवेअर घेतलं. 'मिठाई' टाकलं तर पाच घरं भरली: म, मग एकटी वेलांटी, ठ, मग एकटा काना, मग ई. वेलांटी बिचारी ठिपक्याठिपक्यांच्या गोलावर लटकत होती.

भाच्याने स्वतःचा प्रोग्रॅम लिहायला घेतला. साधी अक्षरं नीट तुटली, 'स्त्री' मात्र तीन घरांत गेली: स्, त्, री. जोडाक्षर एकत्र धरायचा नियम युनिकोडच्या, म्हणजे संगणकात सगळ्या लिप्या लिहायच्या मानकाच्या, १५.१ आवृत्तीत, २०२३ मध्ये आला. त्याच्या हाताशी होती ती लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रॅमचा संच, त्याआधीची. आवृत्ती बदलल्यावर स्त्री एकसंध झाली.

तरी 'वऱ्हाड' शब्दांच्या यादीत असूनही सापडेना. यादीत तो दोनदा होता. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण हा अर्धा र संगणकात दोन प्रकारे लिहिला जातो: एकदा खालच्या टिंबाचा 'ऱ' घेऊन, एकदा साध्या 'र' ला न दिसणारा जोड लावून. शोधताना एक रूप टाकलं की दुसरं हाताला लागत नाही. सगळी यादी एकाच रूपात आणायची, हे पहिल्याच दिवशी करा. आमचा यात बराच वेळ गेला, आणि एवढं करून चौकट शेवटी हातानेच भरायची ठरली.

२० सप्टेंबर, शनिवार

अप्पा बळवंत चौकातून चौकटीची वही आणली, पहिली-दुसरीच्या पोरांची गणिताची असते ती. यापेक्षा चांगलं साधन नाही. खोडरबर मात्र भारीतलं घ्या.

इंग्रजी चौकटी अर्ध्या फेरीत फिरवल्या तरी तशाच दिसतात, काळी घरं समोरासमोर. ही सममिती मराठीत धरून बसलो आणि काहीच भरेना. कारण उघड आहे. त्यांच्याकडे २६ अक्षरं. आपल्याकडे ३४ व्यंजनांची बाराखडी मांडली तर ४०८, आणि जोडाक्षरं वेगळीच. दोन शब्द एका घरात नेमके जुळायची शक्यता त्या मानाने कमी. सममिती सोडली.

नाना नाराज. "सममिती गेली तर गेली, पण शब्दातली निम्मी अक्षरं तरी छेदली गेली पाहिजेत." मी म्हटलं, नाना, इंग्रजीत छेदातून एक अक्षर मिळालं तर २६ पैकी एक कळतं, इथे ४०८ पैकी एक. आपलं एक छेदलेलं घर सोडवणाऱ्याला त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त सांगून जातं. हे त्यांना पटलं, पण 'निम्मी' काही त्यांनी सोडली नाही.

मग डाव्या कोपऱ्यात ही साखळी बसली. आडवा जलसा. त्याच्या 'सा' मधून खाली सागर. सागरच्या 'र' वर आडवं परस. परसच्या 'स' मधून खाली सवाई. सवाईच्या 'ई' वर संपणारी आडवी मलई. मलईच्या 'म' मधून खाली मगर. मधल्या चारही शब्दांची तीनपैकी दोन अक्षरं छेदलेली. नानांनी वहीवर बोट फिरवून मोजलं आणि चहा मागवला.

'ई' ने फार छळलं. शब्दाच्या शेवटी सुटा स्वर आला की त्याला छेद द्यायला चटई, कढई, मलई, मिठाई एवढेच हाताशी राहतात. सुट्या 'ऊ' ची गतही तीच.

२१ सप्टेंबर, रविवार

आज क्लूंचं सामान जमवलं. इंग्रजीत एकेका अक्षरासाठी तयार खुणा असतात: दिशा, रोमन आकडे, रसायनांची चिन्हं. मराठीत काय? दोन पेट्या सापडल्या.

पहिली सुरांची. सा, रे, ग, म, प, ध, नि. यातून भराभर निघाले: ध आणि माल, धमाल. नि आणि वास, निवास. सा आणि फणसाचा गर, सागर. प आणि उसाचा रस, परस. सगळ्यात आवडला तो पगार. 'पंचम गार पडला, महिन्याला मिळतो (३)'. नानांचा आक्षेप 'पडला' ला. हा शब्द अर्थात नाही, खेळातही नाही, मग इथे काय करतोय? वाक्य सजवतोय, मी म्हटलं. "सजावट म्हणजेच 'बाकी काही'." शेवटी 'पंचम गार! महिन्याला मिळतो (३)'. आणि खरं सांगायचं तर हाच जास्त चुरचुरीत झाला.

दुसरी पेटी लग्नपत्रिका आणि पोस्टाचा पत्ता. चि., सौ., प्रा., ता., जि., मु. पो. 'तालुका, पुढे युद्ध: कर्ज काढताना द्यावे लागते (३)', तारण. वहिनींचा तर एकदम मानाचा: 'प्राध्यापक म्हणजे रत्न, सचोटीचे (४)'. प्रा आणि माणिक, प्रामाणिक. यावर नाना काही बोलले नाहीत, हीच दाद.

रत्नावरून माणिक काढायला लावणं चालतं. उलट बाजूने, क्लूत 'माणिक' लिहून उत्तरात 'रत्न' अपेक्षित असेल, तर शेजारी 'उदाहरणार्थ' किंवा 'समजा' असा इशारा हवा. सगळी माणकं रत्नं असतात, सगळी रत्नं माणकं नसतात.

२८ सप्टेंबर, रविवार

ही नोंद लांबणार, कारण इथे मराठीचा खरा पेच आहे आणि इंग्रजीवाल्यांकडून याला उत्तर मिळत नाही.

वहिनींचा क्लू: 'उलट्या तव्यावर समईतली (२)'. तवा उलटा, वात. वाचायला छान. पण ओळीत 'तवा' कुठे आहे? 'तव्या' आहे. ही अक्षरं जशीच्या तशी उलटली तर 'व्यात' होतं. नाना म्हणाले, "तू मला तव्या दिलास, मी तवा कुठून आणू?" वहिनी शाळेत मराठी शिकवायच्या. त्या म्हणाल्या, "अहो नाना, तव्या हे तवाचंच सामान्यरूप. चौथीतल्या पोराला कळतं."

कळतं हे खरं. पण मग 'बटाट्याचे', 'सदऱ्याला', 'पुण्यात' यातलं काहीही मूळ शब्द म्हणून खपवता येईल, आणि समोरच्या ओळीतली अक्षरं खरी की खोटी हे सोडवणाऱ्याला दर वेळी ताडावं लागेल. अर्थ लपवावा, अक्षरं नाहीत. अफ्रिट या नावाने कोडी रचणाऱ्या ए. एफ. रिचीने १९४९ मध्ये मांडलेला दंडक नाना नेहमी ऐकवतात. त्याचा मतलब असा: मी बोलतो तेच मला म्हणायचं असेल असं नाही, पण मला म्हणायचं ते मी बोललेलं असलंच पाहिजे.

बऱ्याच खडाजंगीनंतर ठरलं ते असं. क्लूतली अक्षरं जशीच्या तशी वापरायची असतील, म्हणजे उलटायची, विस्कटायची, डोकं उडवायचं किंवा पोटात शब्द दडवायचा, तर तो शब्द मूळ रूपातच हवा. समानार्थी शब्द सुचवायचा असेल तर प्रत्यय लागलेला चालेल. म्हणून 'पाण्यापाठोपाठ' चालतं, कारण आपल्याला 'पाणी' हा शब्द नकोच आहे, 'जल' हवाय.

याचा फटका असा की प्रत्यय न लावता वाक्य रचायचं म्हणजे मराठी तोतरी होते. कर्ता म्हणून किंवा निर्जीव कर्म म्हणून शब्द ठेवला तर तो मूळ रूपात राहतो, एवढीच पळवाट. तव्याचा क्लू असा झाला: 'तवा उलटला, समईत तेवते ती (२)'. बटाट्याचा: 'बिनडोक बटाटा, निघताना हात हलवून म्हणायचे (२)'. टाटा. उद्योगपती असा अर्थ देऊन पाहिला, पण आडनावाला कोणीही 'उद्योगपती' म्हणू शकतं, ते ढिसाळ वाटलं.

पोटात दडवलेल्या शब्दाला ही अडचण कमी येते, कारण तिथे शब्दाचं रूप नाही, अक्षरांची रांग बघायची असते. 'सगळ्यांना वडापाव वाटताना मधेच दिसली होडी (२)'. सगळ्यां-ना-व-डापाव, नाव. इथे नानांनी दाते-कर्वे काढला, १९३२ पासून पुण्यातच छापला गेलेला महाराष्ट्र शब्दकोश. जुन्या लेखनात माणसाचं ते 'नांव', टिंबासकट, आणि पाण्यातली ती 'नाव'. म्हणजे होडी असा अर्थ दिला तर क्लू जुन्या नियमांनीही बरोबर आणि नव्यानेही. फुकट मिळालेला पुरावा.

२ ऑक्टोबर, दसरा

चाचणीचे कागद घरच्या प्रिंटरवर काढले, झेरॉक्सवाला आज बंद. काळी घरं गडद भरल्याने शाई संपली. काळ्याऐवजी तिरप्या रेघा मारा, काडतूस वाचतं.

दिवसाला साजेसा क्लू मी सुरुवातीलाच करून ठेवला होता: 'सदरा उसवला, सोने लुटा (३)'. स, द, रा विस्कटून द, स, रा. मला वाटलं होतं, याच्यावर तरी कुणी बोट ठेवणार नाही.

नाना: "दसरा म्हणजे 'सोने लुटा' होत नाही. दसरा नाम, लुटा आज्ञार्थ. उत्तर क्लूच्या जागी ठेवून बघ, वाक्य उभं राहतं का?" 'सोने लुटायच्या दिवशी' करून पाहिलं, तर उत्तर 'दसऱ्याला' यायला हवं. शेवटी 'उसवला सदरा, सोने लुटायचा दिवस (३)'. धार थोडी गेली. मला अजूनही पहिला आवडतो आणि भाच्यालाही. 'गार्डियन'मध्ये अरॉकेरिया या नावाने कोडी रचणारे जॉन ग्रॅहम झिमेनीझच्या कायद्याला फार बांधून घेणारे नव्हते, आणि लोकांनी त्यांच्यावर जीव टाकला, हे मी नानांना ऐकवलं. नाना म्हणाले, "ते अरॉकेरिया होते." यावर काय बोलणार?

५ ऑक्टोबर, रविवार

चाचणीचे कागद परत आले. दोन क्लू पडले.

पहिला, 'सरिता उलट गरीब (२)'. मला हवं होतं दीन. एकीने लिहिलं नदी, आणि तिचंही बरोबर. 'उलट' मधोमध बसल्यामुळे तो दोन्हीकडे लागतो: सरिता उलटली की दीन, गरीब उलटला की नदी. ही जागा छेदलेलीही नव्हती. आता 'सरिता उलटी वाहते, गरीब (२)'. 'उलटी वाहते' सरितेलाच चिकटतं, त्यामुळे उत्तर दुसऱ्या टोकाला. कुणी 'दिन' लिहिलं तर? नदीतला 'दी' दीर्घ, क्लू उलटून पाहिलं की सापडतं. तरी वेगळ्या कोपऱ्यात हलवून 'खादी'च्या 'दी' ने छेदून घेतला.

दुसरा, 'पगारातली घट विस्कटली, पाप (३)'. घट म्हणजे कपात, ती विस्कटली की पातक. कुणालाच आला नाही, आणि उत्तर सांगितल्यावर लोक चिडले. यावर झालेला वाद मला सगळ्यात उपयोगी वाटला, म्हणून सविस्तर.

भाच्याचं म्हणणं: सरिता वाचून नदी ओळखायची आणि उलटायची हे चालतं, मग घट वाचून कपात ओळखायची आणि विस्कटायची हे का नाही? दोन्हीकडे एक शब्द मनात धरून त्याच्यावर क्रिया करायची. नानांकडे याला उत्तर होतं आणि ते रास्त होतं. उलटायला एकच रस्ता असतो. तीन अक्षरं विस्कटायला सहा मांडण्या. आधीच अंदाजाने आणलेला शब्द, त्याच्या पुन्हा सहा वाटा. बरोबर शब्द हातात आहे की नाही हेच कळत नाही, म्हणून चुकीच्या शब्दाशी माणूस तासभर झटत बसतो. इंग्रजीतही समानार्थी शब्द विस्कटायला लावणं याच कारणाने बाद समजतात. विस्कटायची अक्षरं डोळ्यांसमोर हवीत. नवीन क्लू: 'कपात, फेरफार करून पाप (३)'. आता सोपा झाला. असू दे.

हाच निकष आम्ही नंतर सगळीकडे लावला. क्लू सुटला नाही हा दोष नाही. उत्तर कळल्यावर ते पायरी-पायरीने सिद्ध करता आलं नाही, तर तो दोष.

'थोडे म्हातारपण (२)' मात्र वादातून सुखरूप बाहेर आला. जरा. थोडे म्हणजे जरा, म्हातारपण म्हणजे जरा, खेळ एवढाच. एका काकांनी हरकत घेतली की दोन्ही 'ज' चे उच्चार वेगळे, 'जरा थांब' मधला जगातला आणि म्हातारपणातला जन्मातला. बरोबर आहे. पण आपण लिहितोय, बोलत नाही. 'ऐकले' असं क्लूत म्हटलं असतं तर हरकत मान्य केली असती.

८ ऑक्टोबर, बुधवार

नागपूरची मैत्रीण फोनवर. तिला कागदाचा फोटो पाठवला होता. डावा कोपरा तिने भरला, सवाई सोडून.

क्लू होता: 'सखीच्या मनात "छान", डिसेंबरात पुणेकर गर्दी करतात (३)'. सखी म्हणजे सई, तिच्या मनात वा. "सई आणि वा दोन्ही मिळाले गं, पण सवाईच आहे हे कशावरून मानू? तुमच्या गावचा उत्सव तुमच्या तोंडी 'सवाई', आम्हाला अख्खं सवाई गंधर्व म्हणावं लागतं." नाना तिच्या बाजूने. वहिनी म्हणाल्या, अंक पुण्यातल्या सोसायटीचा, वाचणार पुणेकर, मग नागपूरचं काय? मला नागपूरचं पटलं. या सोसायटीत निम्मे लोक बाहेरून आलेले आहेत, आणि सदाशिव पेठेतल्या माहितीवर क्लू उभा केला की बाहेरचा माणूस कोडं सोडवत नसतो, परीक्षा देत असतो. बदलून: 'सखीच्या मनात "छान", पावपट जास्त (३)'. गावातल्याही कुणाचं काही बिघडलं नाही.

मलईवर मात्र उलटं झालं. क्लू: 'मध्यम, मग गावाकडचे खूप: साय (३)'. म आणि लई. वहिनींचा आक्षेप, 'लई' प्रमाण नाही. मैत्रीण म्हणाली तिला तत्काळ आलं. आमच्या वॉचमनकाकांनाही आलं, ते क्रिप्टिक म्हणजे काय हेसुद्धा विचारत बसले नाहीत. क्लूत 'गावाकडचे' असा इशारा दिलाय, मग फसवणूक कसली? ठेवला. वहिनी अजून रुसलेल्या आहेत.

आणि परस ऐकून मैत्रीण इतकी हसली की फोन ठेवावा लागला. परसाकडे जाणं तिच्या आजीच्या तोंडी एकाच कामासाठी असे. 'पंचमानंतर उसाचा, घरामागची जागा (३)' मध्ये त्यामुळे काही बिघडत नाही. असलाच तर अर्थ जास्तच घट्ट बसतो.

१२ ऑक्टोबर, रविवार

मजकूर छपाईला. तिथे जुन्या फॉन्टमध्ये ओतल्यावर सगळ्या पहिल्या वेलांट्या एक घर पुढे सरकल्या. 'चिवडा'चा जागच्या जागी भलताच शब्द. चौकट आणि उत्तरं चित्र म्हणून द्या, मजकूर म्हणून देऊ नका. दुरुस्तीचे पैसे वर द्यावे लागले.

शेवटच्या क्षणी चिवड्याचा क्लूही बदलला. आधी होता 'चिरंजीवांनी पावातला काढून फराळात घातला (३)'. चि आणि वडा. वाचायला इतका झकास की टाकवत नव्हता. पण 'काढून' म्हणजे काहीतरी वजा करा असा इशारा होतो, आणि वजा काहीच करायचं नाही. शिवाय 'फराळात घातला' हा अर्थ होत नाही. छापला तो 'लग्नपत्रिकेतला मुलगा, मग पावातला: फराळाचा पदार्थ (३)'. साधा आहे, पण पहिलाच क्लू असल्याने वाचणाऱ्याला पद्धत कळते. पानाच्या डोक्यावर लांबलचक नियम छापण्यापेक्षा हा एक क्लू उकलून दाखवला. जागा वाचली आणि लोकांनी वाचला तरी.

२६ ऑक्टोबर, रविवार

भाऊबीज होऊन गेली. काही पानं भरून परत आली, काहींवर चकलीचं तेल.

सगळ्यात जास्त जणांना आलेला प्रामाणिक, आणि त्याखाली दोघांनी 'वा!' लिहिलंय. सगळ्यात कमी जणांना आलेला, चक्क 'सगळ्यांना वडापाव'. उत्तर ओळीत पूर्ण छापलेलं असूनही. दोन शब्दांच्या सांध्यावरून नजर ओलांडून जात नाही, डोळा जागेवर थांबतो. अक्षरं विस्कटायला लोक लगेच तयार होतात, सरळ वाचायला नाहीत.

एक तक्रार आली: 'वेदनेच्या पोटात मध्यम, चिखलात उमलणारे (३)' याचं उत्तर आम्ही कमळ दिलंय, तक्रारदाराने कमल भरलं होतं आणि शेवटचं घर छेदलेलं नव्हतं. दोन्ही शब्द शब्दकोशात आहेत, दोन्ही फुलं. पण वेदना म्हणजे कळ, 'कल' नव्हे. 'ळ' खेळातून सिद्ध होतो. उत्तर मान्य केलं नाही. तक्रारदार नानांकडे गेले, नानांनी त्यांना ही ओळ वाचून दाखवली आणि म्हणाले, "हा क्लू पोरीचा आहे, पण यात माझ्यासाठी काही ठेवलेलं नाही." कौतुक होतं की गाऱ्हाणं, विचारलं नाही.

दुसरी तक्रार रास्त. 'डाग पुसलेला वंश मुठीत (२)' मध्ये टिंब जाऊन वश. डाग म्हणजे अनुस्वार हे एकाला मान्य नाही, कारण पूर्णविरामही डागच आणि नुक्ताही. मला हा क्लू टाकवत नाही. पुढच्या वेळी 'टिंब' लिहू की 'डाग', यावर मत दोन्हीकडे सारखं आहे आणि निर्णय झालेला नाही.

पुढची चौकट संक्रांतीसाठी, ११ बाय ११. सुट्या 'ई' आणि 'ऊ' ने संपणारे शब्द टाळणार. रफार वापरून पाहायचाय: 'तमाशातला भाग, डोक्यावर रफार: शाळेतली खोली (२)'. वग, वर्ग. उत्तरं त्याच अंकात छापायची नाहीत. या वेळी मागच्या पानावर होती आणि पातळ कागदातून आरपार दिसत होती.